एक अँपिअरचा डायोड

३ मार्च, सोमवार

टेबलावरचा पॉवर सप्लाय, हव्या तेवढ्या व्होल्टची वीज देणारा डबा, बिघडला आहे. बंद पडला असता तर सुखाने चहा पीत बसलो असतो. बंद नाही पडला! समोरच्या आकड्यांत साळसूदपणे १२.० दाखवत होता. दुसऱ्याच कामासाठी स्कोप, वीज कशी वाहते ते पडद्यावर रेघेने दाखवणारा, काढला होता, तो सहज याच्या तारांना लावला. पडद्यावर सरळ रेघ दिसायला हवी. दिसले करवतीचे दात.

झाकण काढलं. आत चार डायोड. भिंतीतली वीज पुढे-मागे हेलकावे खात येते, तिला हे चौघे मिळून एकाच दिशेने चालायला लावतात. तीन डायोड जाड — तीन अँपिअरचे, असायला हवेत तसे. चौथा बारीक, एक अँपिअरचा. पाय काळे पडलेले. मीटर लावला. इकडून काही जात नाही, तिकडूनही नाही. मेलेला.

म्हणजे कुणीतरी कधीतरी जाड डायोड हाताशी नव्हता म्हणून बारीक लावून वेळ मारून नेली. आणि कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. हा सप्लाय उघडणारे आम्ही दोघेच — मी आणि मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. दुकान दोघांचं, टेबलं समोरासमोर, स्वभाव मात्र एकमेकांकडे पाठ करून बसलेले. ‘चालतंय ना भाऊजी, मग कशाला हात लावता’ — हे त्याचं शास्त्र. डायोडचा पाय जोडणारा सोल्डरचा डाग नीट पाहिला. गोळा झालेला, घाईचा. माझा डाग असा नसतो.

बोललो काही नाही. तो फोनवर होता, हसत होता. ही होती तेव्हा आमच्या मध्ये पडायला ती होती. ती गेल्यापासून मी शब्द मोजून वापरतो.

चारही नवे, जाड लावले. डायोडच्या एका टोकाला पांढरी पट्टी असते. ती उलटीकडे गेली की संपलं. चार वेळा पाहिली. सुरू केला, रेघ सरळ आली. तरी जिवाला चैन नाही. काहीतरी राहून गेलंय असं सारखं वाटतंय. काय ते सुचत नाही.

४ मार्च, मंगळवार

सुचलं. आंघोळ करताना. साबण डोळ्यांत तसाच.

श्वासाची मशीनं!

ज्यांच्या छातीत दम नाही अशी माणसं घरी तोंडाला मास्क लावून झोपतात, ती मशीनं. गेल्या दीड महिन्यापासून त्यांच्या दुरुस्तीचं काम आमच्याकडे येतंय. वीज गेली की मशीन बॅटरीवर जातं. बॅटरी उतरत आली की अलार्म वाजतो. तो वाजल्यावर घरच्यांच्या हातात वीसेक मिनिटं राहतात — दुसरी बॅटरी लावा, नाहीतर माणसाला दवाखान्यात हलवा. हा अलार्म कुठे वाजावा ते मी लावून देतो. बॅटरीच्या जागी टेबलावरचा सप्लाय जोडायचा, व्होल्ट हळूहळू उतरवायचे, आकडा १०.८ ला आला की अलार्म वाजला पाहिजे. नाही वाजला किंवा आधीच वाजला, तर आतला बारीक स्क्रू फिरवायचा. झालं. सही करायची.

आणि सप्लायमधून तर करवतीचे दात येत होते. आकडा दाखवतो सरासरी. अलार्म बघतो सगळ्यात खोल दात. म्हणजे माझ्या टेबलावर अलार्म लवकर वाजायचा, मी म्हणायचो चुकलंय, आणि स्क्रू फिरवून त्याला खाली, आणखी खाली नेऊन ठेवायचो. आता खऱ्या बॅटरीवर तो उशिरा वाजणार. किती उशिरा?

नऊ मशीनं गेली आहेत. नोंदवही तीनदा मोजली. नऊच्या नऊ मशीनांचा स्क्रू मला फिरवावा लागला होता. एरवी दहांत एखाद्याचा लागतो. मी काय म्हणालो होतो तेव्हा? ‘हल्ली कारखान्यात कुणी लक्ष देत नाही.’ नऊ जण एकच गोष्ट सांगतायत आणि मी फूटपट्टीवर संशय न घेता नऊ जणांना खोटं ठरवलं. तीस वर्षं या धंद्यात आहे.

बरं, खूण मिळाली नव्हती असंही नाही. मध्यंतरी सप्लाय घुमायला लागला होता. मी काय केलं? खाली पुठ्ठा सरकवला!

५ मार्च, बुधवार

नऊतलं सगळ्यात जवळचं मशीन पलीकडच्या गल्लीत, निवृत्त पोस्टमनच्या घरी. सकाळीच गेलो. ‘जरा बघून देतो’ म्हणालो, तासाभरासाठी उचलून आणलं. पोस्टमन दिवसा मास्कशिवाय बसू शकतात, म्हणून बरं.

सुधारलेला सप्लाय जोडला. व्होल्ट उतरवत गेलो. १०.८. गप्प. १०.५. गप्प. १०. ९.४ ला वाजला.

मग उतरत आलेली खरी बॅटरी लावून घड्याळ घेऊन बसलो. अलार्म वाजल्यापासून मशीन बंद पडेपर्यंत दोन मिनिटं दहा सेकंद.

वीस मिनिटं सांगून मी लोकांना दोन दिली आहेत. दोन मिनिटांत माणूस जागा होऊन चपला शोधतो.

स्क्रू जागेवर आणला, परत नेऊन दिलं. पोस्टमन हात जोडून म्हणाले, ‘आपणहून येऊन बघणारा माणूस आता राहिलाय कुठे.’ मान खाली घालून आलो.

६ मार्च, गुरुवार

मेहुण्याला सगळं सांगितलं. फक्त बारीक डायोडचं सांगितलं नाही. ‘एक डायोड गेला होता’ एवढंच. म्हटलं, त्याचं त्याने ओळखावं, कबूल करावं. तो म्हणाला, ‘कुठला?’ मी म्हणालो, ‘चौघांतला एक.’ त्याने सप्लायकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, ‘मशीनं परत मागवू. पण कारण सांगायचं नाही.’

‘का?’

‘सही तुमची आहे भाऊजी. उद्या कुणी तुम्हालाच धरलं तर?’

माझी काळजी कसली, दुकानाच्या पाटीची काळजी! पण खोटं कशाला लिहू, मलाही सुटल्यासारखं वाटलं. त्याने तिथल्या तिथे युक्ती काढली: मोफत तपासणी. ‘लोक धावत येतील.’ आठ फोन केले. चार त्याने, चार मी. त्याच्या तोंडून ते वाक्य लोण्यासारखं निघतं. माझं मध्येच अडकत होतं. एका गृहस्थांनी विचारलं, ‘तुम्हाला बरं नाही का?’

७ मार्च, शुक्रवार

चार आली. चारही चुकीची. चारही नीट करून पाठवली.

८ मार्च, शनिवार

आणखी दोन. पोस्टमनचं धरून सात झाली.

लेकीचा फोन. ‘बाबा, आवाज असा का येतोय?’ म्हटलं, सर्दी. तिला आईसारखंच सगळं कळतं, फक्त ती दूर राहते म्हणून निभावतं. ‘मामाशी भांडलात का?’ नाही म्हणालो. ‘मग भांडणार आहात,’ म्हणाली.

जेवण गेलं नाही. दुधावर भागवलं.

९ मार्च, रविवार

दुकान बंद. दोन मशीनं बाहेर आहेत. दिवसभर खोलीतल्या दिव्याकडे बघत होतो. वीज गेली नाही. प्रत्येक तास गेला की बरं वाटायचं आणि पुढचा सुरू झाला की पुन्हा तेच. हिच्या शेवटच्या दिवसांत असाच बसायचो. तेव्हा निदान हात धरायला समोर ती होती.

१० मार्च, सोमवार

आठवं आलं. नववं येत नाही.

नववं शिवणकाम करणाऱ्या बाईंचं. त्यांचे यजमान पूर्वी बस चालवायचे, आता दिवसाचे वीस तास मास्कवर असतात. पहिल्यांदा फोन केला तेव्हा ‘बघते’ म्हणाल्या होत्या. आज पुन्हा केला. म्हणाल्या, ‘अहो, उत्तम चाललंय. तुमच्या हातचं आहे, त्यात बघायचं काय? दुसऱ्या कुणाला वेळ द्या.’

विश्वासानेच माझी वाट अडवली आहे. मला धड हसू येईना, धड रडू येईना.

संध्याकाळी मेहुण्याने वर्तमानपत्र पुढे केलं. कोपऱ्यात चौकट: गुरुवार तेरा तारखेला तारांच्या कामासाठी सकाळी दहा ते पाच वीज बंद. भागांची नावं होती. बाईंचा भाग दुसऱ्या ओळीत.

११ मार्च, मंगळवार

आज मी जे केलं ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे सारवासारव करता येणार नाही.

दुपारी बाईंकडे गेलो. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत शिलाईमशीन, दोऱ्यांची रिळं, भिंतीला टांगलेले अर्धे शिवलेले शर्ट. आतल्या खोलीत ते झोपलेले, मोठं हाड, मास्कमध्ये चेहरा बारीक दिसतो. मशीनचा आवाज छान, एकसारखा. बाईंनी चहा केला. म्हणाल्या, ‘एवढ्या लांब आलात!’

मी म्हणालो, पाच-दहा मिनिटं मशीन बघतो. त्या म्हणाल्या, ‘आत्ताच डोळा लागलाय. आणि मास्क काढला की ते घाबरतात हो. काल दाढी करायला काढला तर माझं मनगट सोडेनात.’ मग माझ्याकडे सरळ बघून म्हणाल्या, ‘काही बिघाड आहे का? असेल तर सांगा, आत्ता उठवते.’

मी म्हणालो, ‘छे छे. बिघाड काही नाही.’

असं म्हणालो. या तोंडाने.

त्या मोकळेपणाने बोलायला लागल्या. गुरुवारी वीज नाही, म्हणजे शिलाईमशीनही बंद. मग त्या वेळात तयार कपडे पोचवून येणार, जाऊन-येऊन तीन तास. ‘बॅटरी तेवढी चालते. आणि थोडा उशीर झाला तरी अलार्म आहेच. शेजारच्या वहिनी ऐकतील, मला फोन करतील. तुम्हीच सांगितलंत ना, वाजल्यावर वीस मिनिटं असतात. मी काही वीस मिनिटांपेक्षा लांब जात नाही.’

कप खाली ठेवताना बशी वाजली. म्हणालो, गुरुवारी जाऊ नका. ‘का?’ ऊन असतं, म्हणालो. त्या हसल्या. ‘उन्हाला भिऊन कसं चालेल?’

निघालो. जिन्यात थांबलो. परत वर गेलो नाही. रस्त्याने येताना स्वतःला शिव्या घालत होतो, पण पाय दुकानाकडेच चालले होते.

१२ मार्च, बुधवार

भांडलो. लेकीचा अंदाज कधी चुकत नाही.

सकाळी मेहुण्याला म्हणालो, उद्या वीज जायच्या आत बाईंना खरं सांगणार. तो म्हणाला, ‘आपण दुसरं मशीन नेऊन ठेवू. जास्तीचं म्हणून. कारण कशाला?’ म्हटलं, प्रत्येक वेळी हसतमुखाने काहीतरी नेऊन ठेवायचं आणि मागे घाण तशीच, असं किती दिवस? तो म्हणाला, ‘भाऊजी, तुम्ही एकदा तोंड उघडलंत की थांबणार नाही. कोणी विचारील, सप्लाय कोणी बघायचा? कधीपासून असा होता? काय सांगाल?’

‘खरं सांगेन,’ मी म्हणालो. आणि खिशातून तो बारीक डायोड काढला. तीन तारखेपासून कागदात गुंडाळून खिशात घेऊन हिंडत होतो, कशासाठी ते मलाही कळत नव्हतं. त्याच्या टेबलावर टाकला. ‘हा बघ. एक अँपिअरचा. तीनच्या जागी. तुझी करणी.’

त्याने तो तळहातावर घेतला. खिडकीपाशी गेला. बराच वेळ पाहत राहिला.

त्याने नाकारलं असतं तर मी कदाचित थांबलो असतो. त्याच्या गप्प राहण्याने मला आणखी चढलं. म्हणालो, ‘चालतंय ना, चालू दे! तुझ्या या चालू-देपायी एखादा माणूस जाईल. तुझी बहीण असती ना, तर तिच्यापुढे उभा राहिला असतास का?’

हे बोलायला नको होतं. बोललो.

तो वळला. चेहरा उतरलेला. म्हणाला, ‘बरं.’ मग डायोड शर्टाच्या खिशात टाकून म्हणाला, ‘उद्या मी येतो बरोबर. मीच सांगतो त्यांना. तुम्ही फक्त मशीन करा.’

शेवटी वठणीवर आला! असं वाटलं खरं. पण घरी येईपर्यंत त्यातली गोडी गेली. हा माणूस इतक्या सहज ऐकत नाही.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी आठला दोघे बाईंच्या दारात. माझ्या हातात सप्लाय, त्याच्या हातात जास्तीचं मशीन आणि दोन बॅटऱ्या. बाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

मेहुण्याने चप्पल काढायच्या आत सांगून टाकलं. लोणी नाही, साखर नाही. ‘बिघाड तुमच्या मशीनचा नाही, आमचा आहे. आमच्या सप्लायमध्ये चुकीचा डायोड होता, त्यामुळे तुमचा अलार्म चुकीचा लागलाय. वीस मिनिटं नाहीत, दोन आहेत. तो डायोड मी लावला होता, गेल्या वर्षी सतरा जुलैला. भाऊजींना माहीत नव्हतं.’

बाईंनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे वळल्या. ‘परवा मी तुम्हाला विचारलं होतं.’

‘हो.’

‘इथेच उभी राहून विचारलं होतं. आज मी तीन तास बाहेर जाणार होते.’

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मेहुणा मध्ये काहीतरी बोलायला गेला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. मग म्हणाल्या, ‘चला, करा आता.’

त्यांनी यजमानांना उठवलं, कानाशी हळू बोलल्या, जास्तीच्या मशीनवर घेतलं. त्यांनी खरंच बाईंचं मनगट धरलं ते सोडलं नाही. मी खाली जमिनीवर बसून झाकण काढलं. बाई एक हात यजमानांच्या हातात ठेवून, वाकून माझ्या मीटरकडे बघत होत्या. म्हणाल्या, आधी होतं तसं दाखवा. दाखवलं. ९.४ ला वाजला. मग लावून दिला. १०.८. पुन्हा. १०.८. पुन्हा. पाच वेळा करायला लावलं. शाबास!

दहाला वीज गेली. बाई बाहेर पडल्या नाहीत. आम्हीही नाही. मेहुणा त्यांचे कपडे पोचवायला गेला. नऊ घरं, हातात पिशव्या, आणि एका घरी म्हणे त्यालाच शिंपी समजून बाही आखूड झाल्याबद्दल झापलं. मी आणि बाई मशीनसमोर खुर्च्या टाकून.

एक वाजून पाच मिनिटांनी अलार्म वाजला. मी बॅटरीकडे हात नेला तर म्हणाल्या, ‘थांबा. मला मोजू द्या.’ जास्तीचं मशीन जवळ ओढून, यजमानांच्या केसांतून हात फिरवत, घड्याळाकडे डोळे लावून बसल्या. पंधरा मिनिटं. अठरा. वीस झाली तेव्हा त्यांनी स्वतः बॅटरी बदलली. मशीन तोपर्यंत चालूच होतं.

निघताना एवढंच म्हणाल्या, ‘बाकीच्या आठ घरांना सांगितलंत का?’

मशीनं नीट झाली आहेत त्यांची, मी म्हणालो.

‘ते नाही विचारलं. दीड महिना ते दोन मिनिटांवर झोपत होते, हे सांगितलंत का?’

१४ मार्च, शुक्रवार

आठही घरांना फोन केले. खरं सांगितलं. दोघांनी वाट्टेल ते सुनावलं, ऐकून घेतलं. एकाने नुसता फोन ठेवला. पोस्टमन म्हणाले, ‘पत्र उशिरा पोचलं पण पोचलं.’ प्रत्येक ठिकाणी मेहुणा तेच वाक्य म्हणत होता: डायोड मी लावला होता, भाऊजींना माहीत नव्हतं. चौथ्या फोनला मला ऐकवेना. म्हटलं, सारखं सारखं कशाला? तो म्हणाला, ‘राहू दे हो, एकाच्या नावावर असलं की बरं असतं.’

आज पहिल्यांदा पोटभर जेवलो. त्याच्याबद्दल आठवडाभर मनात काय काय आणलं, त्याची थोडी लाज वाटली. चूक केली, पण उभा राहिला. ही असती तर म्हणाली असती, बघा, माझा भाऊ आहे.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. तारीख. स्वतःच्या मुलीचा वाढदिवस ज्याला बायको आठवण करून देते, त्याला आठ महिन्यांपूर्वीच्या एका डायोडची तारीख तोंडपाठ? सतरा जुलै. ही अठराला गेली. त्या आठवड्यातलं मला काहीच आठवत नाही. कोण आलं, कोण गेलं, मी काय खाल्लं — काही नाही. पण त्याला बहीण जायच्या आदल्या दिवशी दुकानात बसून सप्लाय दुरुस्त करायचं कसं सुचलं, हे मात्र नवल आहे.

१५ मार्च, शनिवार

कपाटातून गेल्या वर्षीची वही काढली. १७ जुलै. अक्षर माझंच.

‘आज हिला जरा बरं वाटतंय. म्हणाली, जा तुम्ही दुकानात, इथे बसून माझे श्वास काय मोजताय. गेलो. सप्लाय बंद पडला होता. तीन अँपिअरचा डायोड शिल्लक नाही, एकचा लावला. हात नीट चालत नव्हता. मेहुणा म्हणाला, राहू द्या ना भाऊजी, घरी जा. उद्या बदलतो.’

पुढची पानं कोरी आहेत.